हेलडायव्हर्स २ : पहिल्या तीन रात्री, सत्तावीस मृत्यू, त्यातले अकरा मित्राच्या हातून

उलटी_टोपी (धागाकर्ता) | ११ फेब्रुवारी २०२४, रात्री ११:४०

८ तारखेला खेळ आला, तीन रात्री जागून झाल्या, आता लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी: चार जणांचा को-ऑप शूटर आहे, म्हणजे चौघांनी एका बाजूने मिळून खेळायचा बंदुकांचा खेळ. पीसी आणि प्लेस्टेशन ५, दोन्हीकडचे लोक एकाच मोहिमेत उतरू शकतात. एकमेकांविरुद्ध खेळायचा प्रकारच नाही. बनवणारा अ‍ॅरोहेड हा स्वीडनमधला स्टुडिओ. २०११ चा मॅजिका यांचाच, आणि २०१५ चा पहिला हेलडायव्हर्सही. तो वरून दिसायचा, चौघं एकाच स्क्रीनमध्ये कोंबलेले. आता कॅमेरा खांद्यामागे आलाय आणि त्या एका बदलाने खेळ पार वेगळा झालाय.

कथा दोन ओळींची. सुपर अर्थ नावाची पृथ्वी, तिथे 'व्यवस्थापित लोकशाही' नावाचा कारभार, आणि ती लोकशाही अख्ख्या आकाशगंगेच्या गळी उतरवायला निघालेले आपण. एका बाजूला टर्मिनिड, म्हणजे किडे. दुसऱ्या बाजूला ऑटोमॅटन, म्हणजे यंत्रं. तुम्ही मेलात की जिवंत होत नाही. वरच्या जहाजातून दुसरा सैनिक डब्यात बसवून खाली फेकतात, तो आता तुम्ही. आधीच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

आता मुद्दा. इथे मित्राची गोळी लागते. नेहमी, प्रत्येक पातळीवर, आणि बंद करायची सोय नाही. मित्राने बोलावलेला बॉम्बही लागतो. त्याने लावलेली स्वयंचलित तोफ किड्यांच्या दिशेने वळताना मध्ये तुम्ही असलात तर तुमच्यातून गोळ्या घालते. त्याचा मदतीचा डबा डोक्यावर पडला तरी तुम्ही चपटे.

पहिल्या रात्री मला राग आला. दुसऱ्या रात्री हसून हसून पोट दुखलं. तिसऱ्या रात्री लक्षात आलं की मी पहिल्यांदाच एखाद्या को-ऑप खेळात बाकीचे तिघं कुठे उभे आहेत हे सतत बघतोय. एरवी आमचा को-ऑप म्हणजे एकाच मैदानावर चार जणांनी आपापला खेळ खेळणं. माझं तोंड इकडे, तुझं तिकडे, शेवटी गुण मोजायला एकत्र. इथे गोळी झाडायच्या आधी 'मध्ये कोण आहे' हा विचार करावा लागतो, आणि तेवढ्याने सगळं बदलतं.

बाकीच्यांचे अनुभव वाचायचे आहेत. माझ्या मित्रालाही इथे ओढून आणलंय, त्याने खुलासा करावा.

तिसरा_खेळाडू | ११ फेब्रुवारी, रात्री ११:५८

अकरापैकी चार वेळा तूच समोर आलास.

उलटी_टोपी | १२ फेब्रुवारी, रात्री १२:०३

आणि सात?

तिसरा_खेळाडू | १२ फेब्रुवारी, रात्री १२:०४

सात वेळा बाण चुकले.

नवशिका | १२ फेब्रुवारी, सकाळी ९:१५

बाण म्हणजे? मी व्हिडिओत पाहिलं की खेळाडू मध्येच बंदूक खाली करून मनगटाकडे बघत काहीतरी टकटक करतात. ते काय असतं?

जागरणवाली | १२ फेब्रुवारी, सकाळी १०:३०

@नवशिका, त्याला स्ट्रॅटेजम म्हणतात. तोफ, बॉम्ब, जड बंदूक, दारूगोळा, मेलेला साथीदार, काहीही वरून मागवायचं तर मनगटावरच्या यंत्रात बाणांचा एक क्रम दाबायचा. क्रम बरोबर आला की हातात गोळा येतो. तो फेकायचा, जिथे पडेल तिथे ती वस्तू येते. लाल प्रकाश दिसला तर बॉम्ब, पळायचं. निळा दिसला तर मदत, तरी थोडं लांबच राहायचं.

साथीदाराला परत आणायचा क्रम वर-खाली-उजवा-डावा-वर. दारूगोळ्याचा खाली-खाली-वर-उजवा. हे दोन पहिल्या दिवशीच बोटांत बसवून घे. बाकीचे स्क्रीनवर दिसतात, पण एवढाले किडे अंगावर येत असताना वाचायला वेळ कुणाला आहे?

गंमत म्हणजे क्रम एकसारखे आहेत. ईगल विमानाचे बरेच हल्ले वर-उजवा-खाली असे सुरू होतात. पुढे उजवा दाबला की साधा हल्ला. खाली-उजवा दाबला की क्लस्टर बॉम्ब, म्हणजे छोट्या बॉम्बांचा सडा. खाली-खाली दाबला की ५०० किलोचा बॉम्ब. म्हणजे शेवटच्या एका बाणावर ठरतं की समोरचं किड्यांचं टोळकं जाणार की टोळक्यासकट तुम्ही चौघे. तिसरा खेळाडू यांचे सात मृत्यू मला तरी समजतात.

पीसीवर असशील तर एक काम आधी कर. मुळात कंट्रोल दाबून डब्ल्यू-ए-एस-डीनेच क्रम टाकायचा असतो आणि चालायच्या कळाही त्याच. म्हणजे क्रम टाकताना पाय जागच्या जागी खिळतात. सेटिंगमध्ये जाऊन क्रम बाणांच्या कळांवर घे. मग पळता पळता टाकता येतो. माझं मरण निम्म्यावर आलं.

खडूस काका | १२ फेब्रुवारी, दुपारी ३:२०

वाचलं. थोडं पाणी टाकतो उत्साहावर.

मी २००८ साली लेफ्ट फोर डेड खेळलोय आणि त्यानंतर आलेले सगळे चार-जणांचे खेळही. सगळ्यांचे पहिले तीन दिवस असेच असतात. मित्राची गोळी लागणं हा काही यांचा शोध नव्हे. लेफ्ट फोर डेडमध्येही लागायची, फक्त सोप्या पातळीवर इजा होत नसे. डीप रॉक गॅलॅक्टिकमध्येही लागते. मग इथे एवढं कौतुक कशाचं?

माझी तक्रार साधी आहे. रीलोड केलं की मॅगझिनमध्ये उरलेल्या गोळ्या फेकून दिल्या जातात. तीन गोळ्या झाडल्या, रीलोड. पाच झाडल्या, रीलोड. ही माझी वीस वर्षांची सवय. दहा मिनिटांत खिसे रिकामे! हा वास्तववाद म्हणायचा तर मग कक्षेतल्या जहाजातून तोफ डागणं कुठल्या वास्तवात बसतं?

जागरणवाली | १२ फेब्रुवारी, दुपारी ४:०५

काका, वास्तववाद नाही तो, हिशेब आहे. मॅगझिन हेच एकक मानायचं, गोळी नव्हे. तीसपैकी वीस उरल्या असतील तर ठेवायचं की टाकायचं, हे दर वेळी ठरवावं लागतं. ज्या बंदुकांत एकेक काडतूस भरतात त्यांत काही वाया जात नाही, तुम्ही ती शॉटगन घ्या. आणि जड मशीनगन भरायला उभं राहावं लागतं, पळता पळता भरता येत नाही. तेवढ्या वेळात कुणीतरी तुमच्याकडे येणारे किडे रोखायचे असतात. हे सगळं त्या एकाच गोष्टीला जोडलेलं आहे.

खडूस काका | १२ फेब्रुवारी, दुपारी ४:४०

'कुणीतरी रोखायचे असतात' हे छान आहे. तो कुणीतरी त्या वेळी सॅम्पल, म्हणजे मैदानात विखुरलेले नमुने, गोळा करत दोनशे मीटर लांब असतो.

तिसरा_खेळाडू | १२ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:११

काका, तो मी.

उलटी_टोपी | १२ फेब्रुवारी, रात्री १०:५०

काकांचा पहिला प्रश्न मात्र खरा आहे, त्यावर दिवसभर विचार केला. मित्राची गोळी बाकीच्या खेळांतही लागते, मग फरक काय?

मला वाटतं फरक प्रमाणात आहे. डीप रॉकमध्ये चार ठरलेल्या भूमिका आहेत. स्काउट उजेड पाडतो, इंजिनिअर पायरी बांधतो, ड्रिलर बोगदा खणतो, गनर दोर टाकतो. खेळानेच तुम्हाला एकमेकांना बांधून ठेवलंय, गोळी लागणं हा किरकोळ अपघात. हेलडायव्हर्समध्ये भूमिका नाहीतच. चौघेही तेच चार स्ट्रॅटेजम निवडून उतरले तरी खेळ अडवत नाही. बांधणारी गोष्ट एकच, ती म्हणजे भीती. आपल्या प्रत्येकाच्या हातात अख्ख्या पथकाला उडवायची ताकद आहे आणि ती दर दीड-दोन मिनिटांनी पुन्हा भरून येते.

मॅजिका ज्यांनी खेळलाय त्यांना हे ओळखीचं वाटेल. तिथेही मंत्रांची मूलद्रव्यं भराभर एकत्र करायची आणि घाईत चुकलं की शेजारचा जादूगार खलास. म्हणजे हे लोक २०११ पासून एकच विनोद सांगताहेत, फक्त आता तो खांद्यामागून दिसतो. या स्टुडिओचं ब्रीदच आहे की सगळ्यांसाठी केलेला खेळ कुणासाठीच नसतो. आधी मला ते फुशारकी वाटायचं.

नवशिका | १३ फेब्रुवारी, सकाळी ८:४५

घेतला. शिकवणीत मेलो. शिकवणीत मरता येतं हे माहीत नव्हतं.

शून्य_पिंग | १८ फेब्रुवारी, दुपारी १२:२५

धाग्यावर तांत्रिक बाजू कुणी लिहिली नाही म्हणून.

सर्व्हर भरण्याबद्दल सगळीकडे आरडाओरड आहे. स्टुडिओने स्वतःच जाहीर केलंय की एका वेळी साडेचार लाख खेळाडू एवढीच मर्यादा सध्या ठेवली आहे, कारण त्यापुढे गेलं की मोहिमेचं बक्षीस खात्यात जमा होणं, मित्रयादी, सगळंच डळमळतं. लोक म्हणतात, अजून सर्व्हर विकत घ्या. प्रश्न यंत्रं वाढवण्याचा नसतो हो. भाड्याने यंत्रं पाच मिनिटांत मिळतात. मागे बसलेली व्यवस्था, म्हणजे कोण कुठल्या पथकात आहे, कुणाच्या खात्यात काय आलं, कुठल्या ग्रहावर किती टक्के विजय झाला याची नोंद ठेवणारा भाग जर पन्नास हजार लोक गृहीत धरून लिहिला असेल, तर तो दहापट भाराखाली नव्याने लिहावा लागतो. शंभरेक माणसांचा स्टुडिओ आहे. पहिला भाग छोटा खेळ होता, त्या आकड्यांवरून कुणी हा अंदाज बांधला असता तर त्याला वेड्यात काढलं असतं.

अवांतर: या खेळाचं इंजिन, म्हणजे ज्यावर खेळ उभा असतो ते सॉफ्टवेअर, स्टिंगरे. ते बनवणाऱ्या ऑटोडेस्क कंपनीने ते २०१८ मध्येच बंद केलं. खेळ जवळजवळ आठ वर्षं बनत होता, म्हणजे वाटेतच पायाखालचं इंजिन बेवारस झालं आणि हे लोक तसेच पुढे चालत राहिले. डार्कटाइड या दुसऱ्या चार-जणांच्या खेळाचं इंजिनही याच घराण्यातलं. त्यामुळे किड्यांच्या झुंडी एवढ्या सहज हलताना दिसतात तेव्हा मला खेळापेक्षा त्या प्रोग्रामरांचंच कौतुक वाटतं.

तिसरी गोष्ट, नावडती. पीसीवर गेमगार्ड नावाचं फसवणूक-रोधक सॉफ्टवेअर येतं आणि ते कर्नलपातळीवर चालतं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या अगदी गाभ्यात. माणसांविरुद्ध माणसं खेळत नाहीत अशा खेळात एवढ्या खोल शिरायची गरज काय, हा प्रश्न रास्त आहे. उलट बाजू अशी की आकाशगंगेचं युद्ध सगळ्यांचं सामायिक आहे. एका चोराने आकडे फुगवले तर ते सगळ्यांच्याच युद्धात फुगतात. मला हे उत्तर पूर्ण पटत नाही, पण ते उत्तर आहे एवढं मान्य.

खडूस काका | १८ फेब्रुवारी, दुपारी १:१०

शून्य पिंग यांचा प्रतिसाद आवडला. 'सामायिक युद्ध' म्हणजे नक्की काय? मला तर नकाशावर टक्के दिसतात, बाकी काही कळत नाही.

शून्य_पिंग | १८ फेब्रुवारी, दुपारी १:५५

काका, तुम्ही एक मोहीम जिंकलीत की त्या ग्रहाचा काही अंश 'मुक्त' होतो. जगभरातले सगळे खेळाडू तोच टक्का ढकलत असतात, आणि शत्रू तो उलटा खेचत असतो. पुरेसे लोक एका ग्रहावर गेले तर तो मिळतो, चार ठिकाणी विखुरले तर काहीच मिळत नाही. वर स्टुडिओतला एक माणूस पट चालवतो, जोएल. कुठे हल्ला होणार, सगळ्यांना मिळून कुठला आदेश द्यायचा हे तो ठरवतो. पूर्वी कागदावर सोंगट्या मांडून कथाखेळ खेळायचे, त्यात एक जण गोष्ट चालवायचा, तसं. फक्त समोर पाच नव्हे, लाखो लोक.

जागरणवाली | १८ फेब्रुवारी, रात्री ११:३०

आणि लोक ऐकत नाहीत! आदेश एकीकडचा असतो आणि अर्धी जनता मॅलेव्हेलॉन क्रीकवर जाऊन मरत असते. यंत्रांचा ग्रह आहे. दाट झाडी, अंधार, निळसर धुकं, आणि झाडांमागून लाल डोळे. पहिल्यांदा उतरले तेव्हा दोन मिनिटांत चौघेही जमिनीवर सपाट पडून होतो आणि डोक्यावरून लेझर जात होते. कुणी काही बोललं नाही. मग एकाने नकाशावर पळायची खूण केली आणि आम्ही पळालो.

मी सगळं अनोळखी लोकांबरोबरच खेळते. माइक लावत नाही. लावला की खेळ सोडून माझीच चौकशी सुरू होते, त्याचा कंटाळा आलाय. इथे त्याची गरज पडली नाही हे मला या खेळातलं सगळ्यात मोठं काम वाटतं. शत्रूवर खूण केली की सैनिक स्वतःच ओरडून सांगतो काय आहे आणि कुठे आहे. 'माझ्यामागे या', 'नको', 'आभार' हे एका कळीवर. सॅम्पल कुणीही उचललं तरी शेवटी चौघांच्याही खात्यात जमा होतं. पदकं तशीच. त्यामुळे कुणी कुणाचं लुटत नाही, भांडायला विषयच नाही. दारूगोळ्याच्या डब्यात चार पेट्या असतात, एकेकाला एक, आणि लोक खरोखर एकच घेतात. दुसऱ्याची घेणारा मला पंधरा मोहिमांत एकच भेटला. त्याला तोफेने गाठलं. माझी नव्हती.

तिसरा_खेळाडू | १८ फेब्रुवारी, रात्री ११:३४

😂 नव्हती म्हणे

उलटी_टोपी | १९ फेब्रुवारी, रात्री १२:२०

ताई, अनोळखी लोकांचं पटलं. पण एक गोष्ट मला खटकते. रिकॉइललेस रायफल, म्हणजे चिलखत फोडणारी खांद्यावरची तोफ, घेतली की तिचे गोळे पाठीवरच्या पिशवीत. दुसरा माणूस शेजारी उभा राहून गोळा भरू शकतो, मग ती भराभर चालते, दिसायलाही झकास. पण भरणाऱ्याच्या पाठीवर माझी पिशवी हवी! म्हणजे माझी पिशवी त्याला द्यायची, त्याने स्वतःची सोडायची, आणि तो मेला की मी रिकाम्या नळीसकट उभा. एवढी सुंदर कल्पना आणि तिच्यात ही खुंटी. मित्र-मित्र असूनही आम्ही दोनदाच केलं.

जागरणवाली | १९ फेब्रुवारी, रात्री १२:४१

+१. पिशवी ज्याची त्याच्या पाठीवर असावी आणि कुणीही मागून येऊन भरावं, एवढं साधं हवं होतं.

नवशिका | २३ फेब्रुवारी, रात्री ९:००

चौथ्या पातळीवर आलो. एक शंका. चार्जर नावाचा जो गेंड्यासारखा किडा येतो त्याला मारायचं कसं? मी पूर्ण मशीनगन रिकामी केली, त्याने मला मिठी मारली.

जागरणवाली | २३ फेब्रुवारी, रात्री ९:२०

समोरून चिलखत आहे, साध्या गोळ्या उडून जातात. सरळ रेषेत धावतो आणि वळायला वेळ लावतो. शेवटच्या क्षणी बाजूला उडी मार, तो पुढे जाईल, मागचा फुगीर भाग मऊ असतो. सध्या सगळे रेलगन (चिलखत भेदणारी, झटका भरून झाडायची बंदूक) घेतात: पायावर दोन झटके, चिलखत निघतं, मग त्याच पायावर साध्या गोळ्या. पण रेलगन असुरक्षित मोडवर जास्त वेळ दाबून धरलीस तर हातात फुटते. सांगून ठेवते.

नवशिका | २३ फेब्रुवारी, रात्री १०:१५

फुटली.

शून्य_पिंग | २५ फेब्रुवारी, सकाळी ११:००

नोंद: मर्यादा आता सात लाखांवर नेली आहे. पंधरा मिनिटं निष्क्रिय राहिलं की बाहेर काढणंही सुरू झालंय, कारण जागा जाऊ नये म्हणून लोक खेळ चालू ठेवून कामाला जात होते. एकट्या स्टीमवर (पीसीवरच्या खेळांचं दुकान) एका वेळी साडेचार लाखांच्या वर माणसं दिसली. पहिल्या आठवड्यात ज्यांनी वैतागून मत बनवलं असेल त्यांनी पुन्हा डोकावायला हरकत नाही.

खडूस काका | २५ फेब्रुवारी, दुपारी ४:३०

कबूल करतो, खेळतोय अजून. एकटाच.

एकट्याने खेळलं तर हा निराळाच खेळ आहे हे कुणी लिहिलं नाही. पाच कुमकी, म्हणजे मेल्यावर उतरणारे नवे सैनिक, मिळतात, चौघांना मिळून वीस असतात. गस्तीला चुकवत, वाकून, सरपटत जायचं. एखादी टोळी दिसली की थांबायचं. तिने इशारा देण्याआधी मारायची किंवा जाऊ द्यायची. मुख्य काम झालं की निघायचं विमान बोलवायचं, ते यायला दोन मिनिटं, आणि ती दोन मिनिटं दगडाआड पडून राहायचं. चाळीस मिनिटांची मुदत संपली की वरचं जहाज निघून जातं, मग एकही स्ट्रॅटेजम नाही. परवा तसं झालं. हातात पिस्तूल आणि समोर समुद्र. बरं वाटलं.

विमानात नाही चढलात तरी काम झालं असेल तर मोहीम यशस्वीच धरतात. सॅम्पल तेवढी जातात. म्हणजे खेळाच्या लेखी सैनिक सॅम्पलहून स्वस्त! हा विनोद मला आवडला. कुठे फलक लावून सांगत नाहीत, पण नियमातच आहे.

उलटी_टोपी | २५ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:०५

काका, आमच्यात एक जागा रिकामी आहे. या.

खडूस काका | २५ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:३०

तुमच्यात तो सॅम्पलवाला आहे ना? नको.

तिसरा_खेळाडू | ७ मार्च, रात्री १०:१०

काल आलेल्या बदलांवर कुणी बोलेना म्हणून मीच बोलतो. रेलगनला कात्री, ब्रेकर शॉटगनचं मॅगझिन १६ वरून १३, पाठीवरची ढाल मार खाल्ल्यावर भरायला जास्त वेळ. माझा लोडआउट, म्हणजे उतरताना निवडलेली शस्त्रं-सामान, हेच तीन. मी संपलो.

जागरणवाली | ७ मार्च, रात्री १०:४५

सगळ्यांचा लोडआउट हेच तीन होता, तेच तर कारण आहे. सातच्या वरच्या पातळीवर कुठलंही पथक उघडलं तरी चौघांच्या हातात तीच बंदूक. फ्लेमथ्रोअर आणि लेझर तोफ सुधारली आहे, ती घेऊन बघ.

पण माझी तक्रार दुसरीकडे आहे. लोक रेलगन आवडते म्हणून घेत नव्हते. वरच्या पातळीवर एकाच वेळी पाच-सहा चार्जर आणि दोन बाइल टायटन (त्याहून अवाढव्य किडे) येतात, आणि चिलखत फोडणारं दुसरं काही पुरेसं वेगाने भरत नाही, म्हणून घेत होते. औषध बंदूकीला दिलंय, दुखणं चार्जरच्या संख्येत आहे. आधी तिकडे बघायला हवं होतं.

शून्य_पिंग | ७ मार्च, रात्री ११:२०

पूर्ण सहमत. आणि को-ऑप खेळात शस्त्राची धार कमी करताना हात थरथरायला हवा. समोर माणूस नाही, एखाद्याची बंदूक जरा जड पडली तर अन्याय कुणावर होतोय? किड्यांवर?

खडूस काका | ७ मार्च, रात्री ११:४५

इथे मी उलट बाजूचा. एकच बंदूक सगळ्यांत चांगली असेल तर निवड उरत नाही, आणि निवड नसेल तर खेळ दोन महिन्यांत शिळा होतो. मला त्या बंदुकीशिवाय चार्जर मारता येतात. ५०० किलो टाकायचा आणि त्याला त्यावर आणायचं. वेळ साधायला हवी. परवा साधली.

नवशिका | ८ मार्च, सकाळी ७:५०

काका तुम्ही कुठल्या पातळीवर खेळता?

खडूस काका | ८ मार्च, सकाळी ८:३०

सातव्या.

नवशिका | ८ मार्च, सकाळी ८:३१

🙏 दंडवत

उलटी_टोपी | ८ मार्च, रात्री ८:००

यांत्रिक चिलखत आलं! दोन पायांचं, एका हाताला मशीनगन, दुसऱ्याला रॉकेट, आत बसून चालवायचं. आजची रात्र त्यावर. तिसरा आहे, नवशिका येतोय. चौथी जागा अजून रिकामी. काका, शेवटचं विचारतो.

खडूस काका | ८ मार्च, रात्री ८:४०

दहा वाजता. पण सॅम्पल गोळा करायला लांब जायचं नाही.

तिसरा_खेळाडू | ८ मार्च, रात्री ८:४१

शब्द देतो.

जागरणवाली | ९ मार्च, सकाळी १०:००

काय झालं मग काल?

नवशिका | ९ मार्च, सकाळी १०:२५

छान झालं. तिसरा सॅम्पल गोळा करायला तीनशे मीटर लांब गेला. पण घेऊन आला, पंधरा-वीस होती. विमान उतरलं, आम्ही चौघे पळत होतो, मागे चार्जर. तिसरा मध्येच मेला, सॅम्पल जमिनीवर सांडली. काकांनी ती उचलली.

उलटी_टोपी | ९ मार्च, सकाळी १०:४०

मग काकांनी मागे गोळा टाकला. चार्जरवर म्हणे. मी नवशिक्याला उठवत होतो, तो पडला होता. आकाशातून काहीतरी आलं, क्षणभर शांतता, मग पांढरं. मी गेलो, नवशिका गेला, तिसऱ्याला नुकतंच परत बोलावलं होतं, तो डब्यातून बाहेर पाय टाकतोय तोच गेला. चार्जर मात्र उभा होता. विमानात काका एकटे, सगळी सॅम्पल घेऊन.

तिसरा_खेळाडू | ९ मार्च, सकाळी १०:४२

काका, तो क्लस्टर होता ना? तुम्ही सांगितलंत, 'क्लस्टर टाकतोय, थांबा तिथेच.'

खडूस काका | ९ मार्च, सकाळी ११:१५

क्लस्टरच टाकत होतो.

जागरणवाली | ९ मार्च, सकाळी ११:१७

काका, कुठले बाण दाबले?

खडूस काका | ९ मार्च, सकाळी ११:३०

वर, उजवा, खाली, खाली. पाचवा नक्की आठवत नाही.